‘आंटी, तुमच्या मुलाला जरा सांगाल का?’

दुपारचे अडीच. सेमिस्टर नऊ दिवसांवर. कॉस्टिंगचं पुस्तक उघडून तुम्ही बसलाय आणि डोक्यावर गच्चीत धाड, धाड, धाड. मग बेल वाजते. दार उघडता तर कुणीच नाही. जिन्यात चपलांचा फटफटाट आणि खिदळणं. तिसऱ्यांदा बेल वाजली की तुम्ही काय करता?

सोसायटीत राहणाऱ्यांचं उत्तर मला माहितीये. सेक्रेटरी काकांना मेसेज टाकता, नाहीतर जिन्यात उभं राहून जोरात ओरडता. मी जिथे राहते तिथे हे इतकं सरळ नाही. मी फौजी घरातली मुलगी. आमचा पत्ता म्हणजे महाराष्ट्रातल्याच एका छावणीतलं एसएफ क्वार्टर. एसएफ म्हणजे सेपरेटेड फॅमिली. जवानाचं पोस्टिंग फील्डला, म्हणजे बायकामुलांना सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी झालं, की कुटुंबासाठी शांत स्टेशनवर हे घर मिळतं. खडकी, देवळाली, कामठीच्या बाजूने कधी गेला असाल तर बाहेरून बघितलं असेल : झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना, रस्त्याकडेला पांढरे रंगवलेले दगड, सगळं कसं एका रेषेत. आत बिल्डिंगमध्ये मात्र बारा घरं, बारा आया, पंचवीसेक पोरं आणि एकही बाप घरी नाही.

आता तुम्हीच विचार करा, ही पोरं शिस्तीत कशी राहणार? लोकांना वाटतं फौजीची मुलं म्हणजे सकाळी पाचला उठून पीटी. अहो कसलं काय! दर दोन-तीन वर्षांनी शाळा बदलते, मित्र बदलतात, कधीकधी भाषासुद्धा. बाबा सुट्टीवर येतात तेव्हा पाहुण्यासारखे लाड करतात आणि निघून जातात. मीही हे सगळं केलंय. नऊ वर्षांची असताना एका साहेबांच्या स्कूटरच्या सीटवर कर्कटकाने माझं नाव कोरलं होतं. (स्वतःचं नाव! यावरून माझ्या गुन्हेगारी बुद्धीचा अंदाज घ्या.) त्यामुळे ‘हल्लीची मुलं’ वगैरे भाषण मी देणार नाही.

पण आमच्या वरच्या मजल्यावरचा एक जण, त्याला आपण छोटू म्हणू, मला चांगलाच पुरून उरला. वय दहा. मागे पाच-सहा जणांची पलटण. आमच्याकडे पाणी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास. होळीच्या आदल्या दिवशी या पलटणीने गच्चीवरच्या टाकीचा कॉक उघडून पिचकाऱ्या, बादल्या, फुगे सगळं भरलं आणि कॉक तसाच ठेवून सगळे पळाले. बारा घरं संध्याकाळपर्यंत कोरडी. त्याच दुपारी मी वर गेले तेव्हा दोघं जण कठड्यावर पाय बाहेर सोडून बसले होते. तीन मजले खाली सिमेंटचा रस्ता.

इथे एक गोष्ट कबूल करते. मला कठडा दिसला होता. पण मी चिडले ते पाण्यावरून आणि माझ्या अभ्यासावरून. तक्रार केली तीही त्याचीच.

आणि ती कुणाकडे केली? छोटूची आई आमच्यापासून बरोबर अठरा पायऱ्यांवर राहते. मी तिच्याकडे गेले नाही. रात्री बाबांचा फोन आला तेव्हा त्यांच्यापाशी रडगाणं गायलं. माझे बाबा हवालदार, छोटूचे बाबा नाईक. बाबांनी स्टेशनवरच्या ओळखीच्या माणसाला सांगितलं, त्याने पुढे कळवलं आणि चार दिवसांत ती तक्रार डोंगर चढून छोटूच्या बाबांच्या पलटणीत पोचली. तिथे त्यांना सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. आधी घर सांभाळ, म्हणून. ज्या माणसाला आठवड्यातून दोनदा कशीबशी रेंज मिळते, त्याने त्या आठवड्यातला एक फोन बायकोवर ओरडण्यात घालवला. बायकोने छोटूला लाटण्याने मारलं. आम्हाला खालपर्यंत ऐकू आलं. माझ्या आईने टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यानंतर बिल्डिंग शांत झाली. मला अभ्यासाला हवी होती तशीच. छोटू खाली यायचा बंद झाला आणि त्याची आई कॅन्टीनच्या रांगेत माझ्या आईला बघून तोंड फिरवायला लागली.

म्हणून मला तुमच्याशी हे बोलायचंय. तुमच्यापैकी काही जण माझ्यासारखेच छावणीत वाढलेत, काहींचे बाबा पोलीस लाइनीत असतील, काहींचे रेल्वे क्वार्टरमध्ये. जिथे शेजारी म्हणजे बाबांचा साहेब किंवा बाबांच्या हाताखालचा माणूस असतो, तिथे साधी तक्रार साधी राहतच नाही. आर्मी अ‍ॅक्ट १९५० चा आहे आणि तो फौजीला लागू होतो, त्याच्या बायकोला किंवा पोराला नाही. कागदावर छोटूच्या आईला कुणीच हुकूम देऊ शकत नाही. पण दारावरच्या पाटीवर नावाच्या आधी रँक लिहिलेली असते ना! ती वाचूनच आपण ठरवतो की आवाज किती चढवायचा. हवालदाराच्या मुलीने नाईकच्या बायकोला ‘जरा सांगाल का’ म्हटलं तरी त्यात हुकूम ऐकू येतो. क्वार्टर हातचं जाईल का, यांच्या रिपोर्टवर काही येईल का, ही धास्ती प्रत्येक बाईच्या पोटात असते, मग ती खरी असो वा नसो.

आणि उलटं बघा. आमच्या मैदानात एक मुलगा दोनदा आउट होऊनही बॅट सोडत नाही. लहान मुलांना ढकलतो, एकीच्या सायकलची चेन तोडली त्याने. त्याच्या घरी आजवर कुणी गेलंय? नाही. त्याच्या बाबांची पाटी जड आहे. सगळ्या आया म्हणतात, जाऊ दे, मुलं आहेत, मस्ती करणारच. हेच वाक्य छोटूच्या वाट्याला का आलं नाही, हा प्रश्न मला बराच उशिरा पडला.

माझं मत विचाराल तर जायचं. दोघांच्याही घरी जायचं. गप्प बसणं म्हणजे समजूतदारपणा, असं मला आता वाटत नाही. कठड्यावर बसलेलं पोर बघून ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणत खाली उतरणं तर नाहीच नाही. आधी त्याला खाली उतरवायचं आणि तिथूनच थेट त्याच्या आईचं दार गाठायचं. बाकीच्या भानगडींत मात्र पहिला मान पोराचा. तुम्ही त्यांची दीदी किंवा भैया आहात, ती तुमच्याकडून पतंगाची गाठ मारून घेतात, गणितं सोडवून घेतात. तेवढ्या हक्काने ‘पुन्हा कॉक उघडलास तर तुझ्या घरी सांगणार’ म्हणता येतं. त्याने ऐकलं नाही तर जायचंच, नुसती धमकी देऊन उपयोग नाही.

जाताना आईला किंवा बिल्डिंगमधल्या चार बायकांना सोबत नेऊ नका. चार जणी दारात दिसल्या की समोरची बाई आधीच वकील होते. रात्री फोनच्या वेळेला तर अजिबात नको. आणि ग्रुपवर टाकणं? तिथे समोरचीला उत्तर द्यायला जागाच नसते, फक्त अंगठे येतात. दारात उभं राहून मी काय बघितलं तेवढं सांगायचं. ‘तुमचा मुलगा वाया गेलाय’ हे तुम्ही बघितलेलं नसतं. तुम्ही बघितलेलं असतं एक उघडा कॉक.

भाषेचंही बघा. आमची हिंदी फौजी हिंदी आहे, तिच्यात मराठीचा तडका. ‘बच्चे को संभालो’ हे मला साधं वाटतं, गढवालहून आलेल्या बाईला ते थोबाडीत मारल्यासारखं लागू शकतं.

महिन्याला वेल्फेअर मीटिंग होते, ‘आवा’ ही फौजींच्या बायकांची संघटना १९६६ पासून आहे, तक्रारीसाठी स्टेशन हेडक्वार्टर आहे. हे सगळं असायलाच हवं. कुणी कुणाला मारत असेल, कुणी दारावर येऊन धमकावत असेल तर सरळ तिथेच जा. पण दहा वर्षांच्या पोराच्या पिचकारीसाठी पहिला अर्ज तिकडे करायचा नसतो.

मी शेवटी गेले. दीड महिन्याने, पेपर संपल्यावर. वर जाण्याआधी तीनदा चप्पल घातली आणि काढली. मी काही शूरवीर नाही. दार उघडलं तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या, हाताला पीठ होतं. मी सॉरी म्हटलं. त्या कितीतरी वेळ गप्प. मग म्हणाल्या, ‘एक बार दरवाजे पे आ के बोल देती ना.’ एवढंच. मग मी त्यांना कठड्याचं सांगितलं. ते त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. वरपर्यंत गेलेल्या त्या तक्रारीत फक्त पाणी होतं. त्या मटकन खाली बसल्या.

गच्चीच्या दाराला कुलूप त्यांनीच लावायला लावलं. चावी कुणाकडे ठेवायची यावरून बिल्डिंगमध्ये दोन दिवस चर्चा झाली आणि अखेर ती आमच्या दारामागच्या खिळ्याला आली. पतंग अडकला, बॉल गेला की पोरं बेल वाजवतात, मी सोबत वर जाते, पुन्हा कुलूप लावते.

परवा माझा ऑडिटिंगचा पेपर होता. आदल्या संध्याकाळी पाच वेळा बेल वाजली. पाचव्यांदा दारात छोटू. ‘दीदी, चाबी.’

मी पुस्तक पालथं ठेवलं आणि चावी काढली.