घोड्याची नाडी मालकालाही कळावी

आपल्या अक्कलकोट भागात मेंढपाळाचं बिऱ्हाड तट्टू वाहतं, वरातीला घोडा लागतो. पण तो आजारी पडला की डॉक्टरांना आपण ‘वैरण सोडलीय’ एवढंच सांगतो. तेवढ्यानं भागत नाही.

शेतकरी बंधूंनो, घोडा निवांत उभा असताना मोजा. जबड्याखालच्या धमनीवर बोटं ठेवा. नाडी मिनिटाला २८ ते ४४ हवी. कुशीकडे पाहून श्वास मोजा, ८ ते १६. गुदद्वारातलं तापमान ९९ ते १०१.५ अंश फॅरनहाइट. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी. हे आकडे वहीत टिपून ठेवा.

पोटशुळानं घोडा लोळतोय, नाडी ६० च्या वर आहे, तर काढा पाजू नका. तो फुप्फुसात जाऊ शकतो. लगेच पशुवैद्यकाला बोलवा. ग्रामपंचायतींनीही जनावरांसाठी एक थर्मामीटर ठेवावा. खर्च किरकोळ, पण त्यावर एखाद्याचं पोट वाचेल.