पोर्ट लुईचा एक दिवस

मॉरिशस बेटाची सहल करून आलेल्या आमच्या सुशिक्षित मंडळींचीं प्रवासवर्णनें अलीकडे पुष्कळ ऐकावयास व वाचावयास मिळतात. त्यांतील राजधानीचा, म्हणजे पोर्ट लुईचा, दिवस बहुधा एकाच सांच्यांतून निघालेला असतो. सकाळीं मंडईंत व्हॅनिलाच्या शेंगांची व चहाची खरेदी, दुपारीं कॉडनच्या बंदरकिनाऱ्यावरील दुकानें, मध्यें एक दोन संग्रहालयें, आणि सायंकाळीं समुद्राकडे पाहत फराळ. सुटीचा दिवस असा सावकाश घालविण्यांत गैर कांहींच नाहीं. खरेदीचें नांव काढतांच नाकें मुरडणाऱ्या सोंवळ्या पंडितांपैकीं आम्ही नव्हे. आमची तक्रार निराळी आहे. ही मंडळी संग्रहालयांत जाते तीही गिऱ्हाइकाचीच दृष्टि घेऊन जाते; आणि जेथें ती दृष्टि चालत नाहीं, ती जागा पाहावयाचीच टाळते.

ब्ल्यू पेनी संग्रहालयांत १८४७ सालचीं दोन टपालतिकिटें आहेत. तेथील एका बँकेच्या पुढाकारानें कांहीं संस्थांनीं १९९३ सालीं सुमारें वीस लक्ष डॉलर मोजून तीं विकत घेतलीं व स्वदेशीं आणलीं. प्रकाशानें रंग उडूं नये म्हणून त्यांजवरील दिवा ठराविक वेळीं थोडाच वेळ लावितात, आणि तेवढ्यासाठीं आमचा प्रवासी घड्याळाकडे डोळे लावून उभा राहतो. निसर्गसंग्रहालयांत डोडो पक्ष्याचा सांगाडा आहे. सतराव्या शतकांत नामशेष झालेला हा पक्षी आज तेथील दुकानांतून कापसानें भरून व कापडावर छापून विकावयास ठेविलेला असतो. दोन्ही वस्तु पाहण्याजोग्या आहेत, हें आम्हांस मान्य आहे. परंतु एक पाहावयाची ती किंमतीच्या नवलानें, आणि दुसरी पाहावयाची ती तिची बाहुली घेण्यापूर्वीं. यास ज्ञानार्जन म्हणावें काय?

याच बंदरावर, या दुकानांपासून पायीं जाण्याच्या अंतरावर, आप्रवासी घाट आहे. ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामगिरी कायद्यानें बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांस मजूर हवे होते. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पांच लक्ष माणसें करारानें बांधून हिंदुस्थानांतून या बेटावर उतरविलीं गेलीं. कांहीं येथें राहिलीं, कांहीं पुढें दुसऱ्या वसाहतींत गेलीं. कलकत्ता व मद्रास यांप्रमाणें मुंबई बंदरांतूनही जहाजें सुटत, आणि त्यांत रत्नागिरीकडचीं मराठी माणसें असत. १८४९ सालीं उभारलेल्या या आगारांत त्यांची नोंद होई व मग मळ्यांवर रवानगी होई. तेथें एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचें वेतन कापलें जाई. २००६ सालीं युनेस्कोनें या जागेस जागतिक वारशांत स्थान दिलें.

आमच्या मंडळींच्या दिनक्रमांत मात्र तिला स्थान नाहीं. कारण विचारावें तर म्हणतात, "तेथें पाहावयाचें काय? चार पडक्या भिंती आणि दगडी पायऱ्या!" ठीक आहे, मग तें टपालतिकीट तरी काय, कागदाचा कपटाच कीं नाहीं? त्याची कथा ठाऊक आहे म्हणून तो पाहण्याजोगा होतो. पायऱ्यांचीही कथा आहे. ती जाणून घेण्याचे कष्ट मात्र हवेत.

दुसरा आक्षेप असा कीं, सुटीच्या दिवशीं दुःखाच्या गोष्टी कशाला? पण घाटाची कथा दुःखापाशीं संपते, हें सांगितलें कोणी? १९६८ सालीं तो देश स्वतंत्र झाला तेव्हां त्याचे पहिले पंतप्रधान झालेले शिवसागर रामगुलाम हे अशाच एका करारबद्ध मजुराचे पुत्र होते. मराठी मजुरांच्या वंशजांनीं आपला गणपति तेथें असा जतन केला कीं, गणेशचतुर्थी ही त्या देशांत सार्वजनिक सुटी आहे. २ नोव्हेंबर हा दिवसही मजुरांच्या आगमनाचे स्मरण म्हणून सुटीचाच असतो.

परक्या म्हणविणाऱ्या देशानें या माणसांसाठीं वर्षांतले दोन दिवस राखून ठेवावे, आणि त्यांच्याच भाषेच्या पाहुण्यानें आपल्या सुटींतला एक तासही देऊं नये, याची आम्हांस लाज वाटते. मंडईंत जा, डोडो पाहा, तिकिटांवरचा दिवा लागेपर्यंत खुशाल थांबा. पण खरेदीच्या पिशव्या खोलीवर ठेवा आणि सूर्य मावळण्यापूर्वीं घाटावर जाऊन या.