अभिप्राय कुणाला देता येतो?

2018 च्या नोव्हेंबरअखेरीस रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या चमूने नव्या वेबसाइटचा मसुदा लोकांपुढे ठेवला आणि अभिप्राय मागितले. 6 डिसेंबरला, रस्टच्या 1.31 आवृत्तीबरोबर, ती साइट चालूही झाली. मध्ये जेमतेम आठवडा. एवढ्या वेळात फार तर शुद्धलेखन सुधारतं, निर्णय बदलत नाहीत. याला विचारपूस म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मी म्हणणार नाही.

अभिप्राय मात्र धो धो आले. भडक रंगांचे पट्टे आवडले नाहीत, पहिल्या पानावरचा कोडचा नमुना का काढला, ही भाषा नेमकी कशासाठी हे आता कळत नाही, वगैरे. यातलं कोडच्या नमुन्याचं म्हणणं मला पटतं. रंगांवर मी वेळ घालवणार नाही. ऑफिसात एका बटणाच्या रंगावर दोन-दोन तास मीटिंगा चालतात, तेवढं पुरे.

खरा मुद्दा वेगळा होता. जुनी साइट स्वयंसेवकांनी अनेक भाषांत आणली होती. नवी आली ती फक्त इंग्रजीत. ‘भाषांतरं नंतर आणू.’ जुनी पानं वेगळ्या पत्त्यावर जपून ठेवली होती, हे मान्य. पण नवा माणूस पुढच्या दाराने येतो, मागचं दार त्याला ठाऊक नसतं. भाषांतरं परतली ती 2019 मध्ये.

आता बघा, मित्रांनो: इंग्रजीशिवायची पानं जाणार होती आणि त्यावर चर्चा चालली होती इंग्रजीत. ज्याला त्या पानांची गरज, तोच बोलू शकत नव्हता. मग ‘फारशी कुणाची तक्रार नाही’ असं सहज वाटून जातं.

‘प्रोग्रामरला इंग्रजी यायलाच हवं,’ हे उत्तर आपल्याकडची मुलंही देतात, आणि जोरात देतात. अरे, एफएन, लेट, मॅच हे शब्द पाठ करायला किती दिवस लागतात? अडतं ते कल्पनेपाशी. रस्टमध्ये प्रत्येक मूल्याला एका वेळी एकच मालक असतो. पुस्तक माझ्या नावावर आहे. मी ते दहा जणांना वाचायला देऊ शकतो, पण ते वाचत असेपर्यंत त्यात कुणीही खाडाखोड करायची नाही, मीसुद्धा नाही. खाडाखोड करायची तर ते त्या वेळी एकाच्याच हातात हवं. नवशिक्यांना घाम फोडणारा नियम एवढाच आहे, आणि मराठीत तो चार वाक्यांत मावला. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला तो उर्दूत सांगितला तर ती कच्ची ठरते का?

डिझाइन मतदानाने ठरत नाही, हे मीही मानतो. पण कुठली भाषा ठेवायची आणि कुठली ‘नंतर’, हा डिझाइनचा प्रश्नच नव्हे. तो मसुद्याच्या आधी विचारायचा, आणि त्या त्या भाषेत विचारायचा. नवी भाषांतरं तयार होईपर्यंत जुनी पुढच्या दारातच ठेवायची. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही, एक लिंक लागते.

भाषांतरं परतल्यावर रस्टच्या साइटवर जपानी आली, तुर्की आली, रशियन आली. ती त्या भाषकांनी बसून केली. मराठी नाही, उर्दूही नाही. वाक्यांच्या फायली उघड्या आहेत, कुणालाही घेता येतात. तुमच्यापैकी दोघा-चौघांनी पहिलं पान करायला घेतलं तर तपासायला मी बसतो.