छेद कुठे द्यावा?

जव्हार-मोखाड्याच्या कुडाच्या भिंतींवरचे वारली चित्र आता कापडी पिशवीवर, चहाच्या कपावर आणि मुलांच्या जिगसॉ कोड्यावरही येऊन बसले आहे. पिशवी आणि कप यांविषयी पुष्कळ लिहून झाले. कोड्याविषयी आमचे म्हणणे एवढेच, की ते विकत आणू नये, घरी करावे. आणि हा सल्ला काटकसरीचा नसून वाचनाचा आहे.

१७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी याने मुलांना भूगोल शिकवण्यासाठी नकाशे लाकडी फळीवर चिकटवले आणि सीमारेषांवरून कापले. म्हणजे या खेळातला आरंभीचा छेद अर्थाच्या रेषेवरून गेला होता. पुढे पुठ्ठा आला, साचा आला. १९३० च्या दशकातील महामंदीत अशी स्वस्त कोडी अमेरिकेत घरोघरी पोचली. साच्याला चित्राशी कर्तव्य नसते. त्याच्याखाली हिमालय ठेवा की मांजर, छेद तोच.

घरी तसे चालत नाही. खोक्याच्या पुठ्ठ्यावर खळीने चित्र चिकटवावे, रात्रभर जाड पुस्तकांच्या ओझ्याखाली ठेवावे (शब्दकोशाचा असाही उपयोग होतो), आणि मग कात्री लावण्यापूर्वी पेन्सिलीने रेषा आखाव्यात. इथे आजोबा, आई आणि मूल यांचे भांडण जुंपते, आणि जुंपावेच. तारपा नाचाचे चित्र घ्या. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती एकमेकांच्या कमरेला हात घातलेल्या आकृत्यांचे वलय. वलयाच्या कडेने कापले, तर नाच अखंड राहतो, पण कोडे पोरकट होते. नाचणाऱ्यांच्या मधून कापले, तर प्रत्येक तुकड्यावर एक सुटा हात उरतो आणि तो दुसऱ्या तुकड्यातली कंबर शोधत राहतो. आम्ही या दुसऱ्या पक्षाचे.

लग्नचौकाला मात्र आम्ही कात्री लावणार नाही. सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने रेखलेला तो चौक शोभेसाठी नसतो. त्यात पालघट देवी असते, आणि धवलेरीच्या गाण्याशी व विधीशी तो बांधलेला असतो. कोणी म्हणेल, ही तर कागदावरची नक्कल. खरे आहे. तरीही, ज्यांच्या घरच्या लग्नात तो चौक निघतो त्यांनीच हे ठरवावे, बाहेरच्यांनी नव्हे.

त्यापेक्षा नकाशा घ्यावा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. तोवर हे दोन्ही तालुके ठाण्याच्या तुकड्यात होते, आणि १९४८ पूर्वी जव्हार हे मुकण्यांचे संस्थान होते. तिन्ही काळांचे नकाशे कापले, की एकाचा तुकडा दुसऱ्यात बसत नाही. राज्यशास्त्राच्या तासाला न कळलेले पुष्कळ काही तिथे बोटांना कळते.

आणि आपल्या वर्गातले वेचे? तेही कोणीतरी कापलेले तुकडेच असतात, पण त्यांच्या कडा आपण तपासत नाही. ‘हा उतारा इथेच का संपवला?’ असा प्रश्न आमच्या पाहण्यातल्या एकाही प्रश्नपत्रिकेत नाही. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना कादंबरीचे एक सलग प्रकरण द्यावे, ते पाच ठिकाणी तोडायला सांगावे आणि प्रत्येक छेदाचे कारण लिहून घ्यावे. एक तास पुरणार नाही. दोन सलग तास मागून घ्यावेत. वेळापत्रक करणाऱ्यांशी थोडी हुज्जत घालावी लागेल.