भाषेच्या झेंड्याखाली जात झाकली जाते



१६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा शासन निर्णय काढला. १७ जूनला शब्द बदलून पळवाट ठेवली आणि लोकांचा रेटा वाढल्यावर २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द केले. ही सक्ती चूकच होती. पण त्या दिवसांत मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, आणि आपल्या वाशिम-रिसोडची पोरंही तो व्हिडिओ अभिमानाने पुढे पाठवू लागली. म्हणून विचारावे लागते : या मराठीच्या अभिमानात आपली जागा कोणती?

बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. दोन्ही बाजू त्यातले सोयीचे तेवढे उचलतात. हिंदीवाले सांगतात, बाबासाहेबांना राज्यांची राजभाषा हिंदी हवी होती. हो, हवी होती. भाषेच्या नावावर वेगळी राष्ट्रे उभी राहू नयेत म्हणून. पण काँग्रेस पक्षाच्या बैठकीत हिंदी एका मताने जिंकली आणि उत्तरेच्या वर्चस्वाची दक्षिणेला धास्ती आहे, हेही त्याच पुस्तकात आहे. मराठीवाले सांगतात, बाबासाहेब भाषावार राज्यांच्या बाजूचे होते. हो, पण एका भाषेचे एकच राज्य असावे, हे त्यांना मान्य नव्हते. मराठी मुलखाची त्यांनी चार राज्ये सुचवली : मुंबई, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. भाषावार राज्यात संख्येने मोठ्या जातीची सत्ता येईल आणि गावोगाव विखुरलेल्या लहान जाती भरडल्या जातील, हा त्यांचा इशारा मात्र कोणत्याच व्यासपीठावरून वाचला जात नाही.

पुढे शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले. दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. १ मे १९६० ला राज्य झाले. त्यानंतर साखर कारखाने, सहकारी बँका, शिक्षणसंस्था कोणाच्या हाती गेल्या, हे सांगायची गरज नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला देशभरातला बंजारा समाज येतो. तांड्यावरचे लेकरू घरात गोरबोली बोलते. शाळेत त्याला पहिल्याच दिवशी प्रमाण मराठी परकी वाटते. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी बोलणारे ३२ लाखांहून अधिक आहेत, पण ते सगळे हिंदीच्या खात्यात मोजले गेले! म्हणजे हिंदीचा आकडा फुगवायला तांडा चालतो, आणि मराठीच्या मोर्चात गर्दी करायलाही तांडा चालतो. वसंतराव नाईक अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते, तरी गोरबोली शाळेची भाषा झाली नाही. अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे संविधानाचे कलम ३५०अ सांगते. ते कलम घेऊन मोर्चा कोणी काढला?

आपल्या वऱ्हाडीलाही हेच भोगावे लागते. ती सिनेमात विनोदाला चालते, वर्गात मात्र अशुद्ध ठरते. मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटणाऱ्या सरकारने त्याच्या आदल्याच वर्षी, २०२३ मध्ये, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूह शाळांत विलीन करायचे ठरवले. अशा शाळा असतात कुठे? तांड्यावर, पाड्यावर, वस्तीवर. गावातली शाळा गेली की आधी मुलीचे शिक्षण सुटते. त्यावर ‘मराठी माणूस’ रस्त्यावर का उतरत नाही?

म्हणून मित्रांनो, हिंदीच्या सक्तीला विरोध जरूर करा. पण परप्रांतीय हातगाडीवाल्यावर हात उगारू नका. पोटासाठी सुरतेला गेलेल्या आपल्या भावावर उद्या कोणी असाच हात उगारला, तर कोणत्या तोंडाने बोलणार? लढायचेच असेल तर जिल्हा परिषदेची शाळा टिकवण्यासाठी लढा. तांड्यावरच्या लेकराला सुरुवात गोरबोलीतून, भक्कम मराठी आणि वरच्या वर्गात श्रीमंताच्या पोराला मिळते तेवढेच चांगले इंग्रजी मिळावे, म्हणून लढा. भाषा माणसाला शहाणे करण्यासाठी आहे. तिचा दंडुका करून कोणी तुमच्या हातात देत असेल, तर आधी त्याला विचारा : तुझ्या मराठीत माझ्या वस्तीची शाळा आहे का?

जय भीम, जय संविधान!