शेकोटी उघड्यावरच बरी!



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त शेकोटीचे.

चिरंजीव दिवाळीला सोनगीरला आले होते. घरामागची मोकळी जागा पाहून म्हणाले, "अण्णा, इथे शेकोटीची पक्की जागा करू. थंडीत सगळे जमतो तेव्हा बसता येईल." मोबाईलवर चित्रेही दाखवली. गोल बैठक, मधोमध विस्तव. कल्पना मला आवडली. बाहेरच्या मंडळींना वाटते, खानदेशात नुसते ऊनच! उन्हाळ्यात चव्वेचाळीस अंश सोसणाऱ्या धुळ्यात थंडीत पारा पाच-सहा अंशांपर्यंतही उतरतो, हे सांगून पटत नाही.

मात्र त्यांच्या आराखड्यातल्या दोन गोष्टींना माझा ठाम विरोध आहे. एक म्हणजे माळ्यावरचे आजीचे पितळी घंगाळ काढून त्यात विस्तव करायचा. दुसरी, मागच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड टाकून तीन बाजूंनी आडोसा करायचा, म्हणजे वारा लागणार नाही!

घंगाळाचे सोपे आहे. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. इथे कुणालाही विचारा, तो सांगेल की भांड्याची कल्हई म्हणजे कथील आणि ते २३२ अंशांना वितळते. झाळलेले सांधेही निखाऱ्यांपुढे टिकत नाहीत. आंघोळीच्या बंबात विस्तव असतो खरा, पण त्याच्या नळीभोवती पाणी असते म्हणून बंब टिकतो. कोरड्या घंगाळाची दोन हिवाळ्यांत वाट लागेल.

शेडचे मात्र मला जरा सविस्तर सांगायचे आहे. चिरंजीवांना हे आजवर सांगितलेले नाही.

गोष्ट १९८१ सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा एका खेड्यात मास्तर होतो, भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. चिरंजीव दोन वर्षांचे. थंडी कडाक्याची, म्हणून मी चुलीतले निखारे घमेल्यात काढले आणि खोलीत आणून ठेवले. खिडकी लावली, दाराच्या फटीत गोणपाट कोंबले. धूर नव्हता, वास नव्हता, छान ऊब आली. स्वतःवरच खूश होऊन झोपलो.

पहाटे सौ.ला उलटीची भावना होऊन जाग आली. कशीबशी उठून तिने दार उघडले. मी हाका मारूनही नीट उठेना. पोराला हलवले तर मान टाकलेली. ओट्यावर उघड्या गारठ्यात त्याला घेऊन आम्ही दोघे बसलो. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग तो रडला. त्या रडण्याइतका गोड आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. हे मी पुढे वाचले. तेव्हा मी बी.ए. झालेला शहाणा मास्तर होतो आणि धूर नाही म्हणजे धोका नाही, एवढेच जाणत होतो. आजही थंडीत वर्तमानपत्रात अशी बातमी आली की पुढे वाचवत नाही.

म्हणून छप्पर नको, आडोसा नको. वारा लागतो तर लागू दे. शाली कशासाठी आहेत?

जागा मी ठरवली आहे. घरापासून दहा फुटांहून जास्त लांब, कडुनिंबाच्या फांद्या आणि विजेची तार डोक्यावर येणार नाही अशी. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून फूटभर खणून खाली मुरूम ठोकायचा. तीन फुटांचे गोल आळे, कडेला भाजक्या विटा. नदीतले गोटे दिसायला छान, पण त्यांत ओल मुरलेली असते. तापले की तडकून उडतात. फरशीवर तर विस्तव करूच नये, तीही तडकते.

जळण म्हणून कपाशीच्या वाळल्या काड्या आणि गोवऱ्या. रॉकेल नाही, प्लास्टिक नाही, रंगवलेल्या फळ्या नाहीत. झाडलेला पालापाचोळा शेकोटीत ढकलायचा आळस आपण सगळेच करतो, मीही केला आहे. तो खड्ड्यात कुजवावा, खत होते. सूनबाई, तुमच्या नायलॉनच्या ओढण्या मात्र घरात! आणि उठण्याआधी राखेवर पाणी ओतून, काडीने ढवळून, पुन्हा पाणी. राखेखाली सकाळपर्यंत निखारा जिवंत राहतो.

भरिताची वांगी कुठे भाजायची, असा नातीचा प्रश्न आहे. शेकोटीतच! काड्यांवर भाजलेल्या वांग्याची चव गॅसवर येत नाही, यावर आमच्या घरात मतभेद नाहीत.

रविवारी मुरूम येईल. घंगाळ माळ्यावरून काढायला सांगितले आहे. शेकोटीशेजारी पाणी भरून ठेवायला ते उत्तम.