क्रूझवर जाताय? ताप लपवू नका

"डॉक्टर, परवा मुंबईहून क्रूझ आहे. थोडी कणकण आहे, पण फिटनेस सर्टिफिकेट तेवढं द्या. नाहीतर पैसे बुडतील." सोलापूरला समुद्र नाही, पण अशी विनंती माझ्याकडे येते. मी नाही म्हणतो. का, ते सांगतो.

जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया क्रूझवर सुमारे दोन हजार माणसं होती. एक कर्मचारी बाधित निघाला, सगळ्यांची तपासणी झाली आणि ६६ जण पॉझिटिव्ह आले. जहाज मुंबईला परतलं. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस'वर सुमारे ३,७०० पैकी ७१२ जणांना लागण झाली होती.

चढण्यापूर्वीची चाचणी चांगलीच, पण ती पुरेशी नाही. लागण होऊन एक-दोन दिवसच झाले असतील, तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. मग तोच माणूस बंद हॉलमध्ये नाचतो, जेवतो, गप्पा मारतो आणि आजार पसरतो.

म्हणून जहाजं पुन्हा सुरू करताना अनेक उपाय एकत्र केले गेले: लसीकरण, चाचणी, खेळती हवा, आजाऱ्यांसाठी वेगळ्या केबिन. अमेरिकेत तर स्वयंसेवक प्रवासी घेऊन चाचणी-फेऱ्याही झाल्या. पुढे जुलै २०२२ मध्ये तिथल्या सीडीसीने क्रूझसाठीचा खास कोविड कार्यक्रम बंद केला. म्हणजे आता बरीचशी जबाबदारी कंपनीवर आणि तुमच्यावर आली.

माझं स्पष्ट मत असं: आजारी प्रवाशाला दंड न लावता तारीख बदलून मिळाली पाहिजे. पैसे बुडण्याची भीती असेल, तर लोक ताप लपवणारच. बुकिंग करतानाच हा नियम विचारून घ्या.

तुमच्यासाठी चार गोष्टी:

- ताप, खोकला, जुलाब असतील तर जाऊ नका. जहाजावर त्रास सुरू झाला तर केबिनमध्येच थांबून तिथल्या डॉक्टरांना फोनवर कळवा.
- साठीपुढचे, मधुमेही, हृदयरोगी यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावं. जहाजावरच्या दवाखान्यात मोठ्या हॉस्पिटलसारख्या सोयी नसतात.
- रोजची औषधं चार दिवस जास्तीची घ्या, हातातल्या बॅगेत ठेवा.
- जेवणापूर्वी साबणाने हात धुवा. जहाजावर उलट्या-जुलाबाची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

सहल पुढच्या महिन्यातही करता येते. तुमच्या शेजारच्या टेबलावर कुणाची तरी सत्तरीतली आई बसलेली असते, एवढं लक्षात ठेवा.